उघड्यावरचे भौमितिक धातुशिल्प: आखणीपासून पहिल्या पावसापर्यंत

सातारा आणि सांगली हे शेजारी जिल्हे असले, तरी पावसाच्या हिशेबात ते दोन टोके गाठतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे पाचशे मिलिमीटर गाठतानाही मारामार होते. उघड्यावर धातूचे शिल्प उभारू इच्छिणाऱ्याने कागदावर पहिली रेघ मारण्यापूर्वी आपली जागा या दोन टोकांच्या मध्ये नेमकी कोठे येते, हे पाहून ठेवावे. वजनाने वाकलेली शिल्पे मी फार पाहिली नाहीत. आत साठलेल्या पाण्याने कुजलेली मात्र बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतले एक माझेच होते. त्यामुळे पुढील सर्व मार्गदर्शन पाण्याची वाट या एका गोष्टीभोवती फिरते.

येथे विचार केला आहे तो भौमितिक अमूर्त शिल्पाचा, म्हणजे ज्यात कोणाचा चेहरा नाही, घोडा नाही, तलवार नाही. केवळ प्रतले, कोन, वर्तुळे आणि त्यांच्यामधली मोकळी जागा आहे. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांना हा प्रकार मानवणारा आहे, कारण प्लेट, अँगल, चॅनेल आणि चौकोनी पाइप हे मुळातच भौमितिक आकार आहेत, आणि कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत गुण्यात, म्हणजे काटकोन साधून, काम करणारा कारागीर शोधावा लागत नाही. लोखंड आणि शिल्प यांचे नातेही या मुलखाला नवे नाही. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्याच पंतप्रतिनिधींनी औंधच्या टेकडीवर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे शिल्प आहे. अमूर्त शिल्प म्हणजे मुंबईवाल्यांचे खूळ, असे म्हणणाऱ्यास एकदा औंधला घेऊन जावे.

आकार ठरवताना

प्रथम एकास दहा या प्रमाणात नमुना करावा. पुठ्ठ्यापेक्षा सनबोर्ड चांगला, कारण तो पाण्याने भिजत नाही. नमुना गच्चीवर ठेवून त्यावर तांब्याभर पाणी सावकाश ओतावे आणि ते कोठून वाहते, कोठे थांबते हे पाहावे. पाणी जेथे थांबेल, तेथे पेन्सिलने खूण करावी. अशा खुणा बहुधा तीन ठिकाणी होतात: आडव्या सपाट माथ्यावर, दोन प्रतले लघुकोनात मिळतात त्या खोबणीत, आणि उभा खांब बेस प्लेटला, म्हणजे तळाच्या जाड पत्र्याला, टेकतो त्या सांध्यात. माथा तीन-चार अंशांनी कलता केला, तर लांबून तो आडवाच दिसतो आणि पाणी मात्र निथळते. लघुकोनाच्या खोबणीत खालच्या टोकाला बोटभर फट ठेवावी. ती फट शिल्पाचा भाग म्हणूनच आखली, तर डोळ्यांना खुपत नाही.

शिल्पकार इसामू नोगुची यांचा न्यूयॉर्कमधील तांबडा घन, १९६८ सालचा, हा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो कोपऱ्यावर उभा आहे, त्यामुळे त्याला पाणी धरील असा सपाट माथाच उरलेला नाही. नोगुचींनी तो तसा उभा केला तो अर्थातच पावसासाठी नव्हे. परंतु डोळ्यासाठी घेतलेला निर्णय पावसालाही उपयोगी पडावा, ही या कामातील सर्वांत समाधानाची गोष्ट आहे.

त्याच नमुन्यावर सावलीही तपासून घ्यावी. सांगली उत्तर अक्षांश १६.८५ अंशाच्या आसपास आहे, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो आणि तीन मीटर उंचीच्या शिल्पाची अडीच मीटर लांब सावली उत्तरेकडे पडते. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात मात्र मध्यान्ही सावली पायाखाली जाते. ज्या शिल्पाची सारी गंमत जमिनीवरच्या सावलीवर अवलंबून आहे, ते त्या दिवसांत दुपारी अगदीच मुके होते. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हासाठी त्याची प्रतले पूर्व-पश्चिम दिशांना तोंड करून ठेवावीत. याचा पाण्याशीही संबंध आहे. उत्तरेकडील बाजूला वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन लागत नाही, तेथे ओल टिकते आणि पश्चिम साताऱ्यात तर शेवाळही धरते. पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उघडी पोकळी, फट किंवा नळीचे तोंड शक्यतो पूर्वेकडे ठेवावे.

धातूची निवड

माइल्ड स्टील स्वस्त, सहज मिळणारे आणि दुरुस्तीला सोपे आहे. गंज हा त्याचा स्वभाव आहे आणि रंग हा त्यावरचा इलाज. बहुतेक शिल्पांसाठी मी हेच सुचवीन. ३०४ प्रतीचे स्टेनलेस, ज्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आपल्या समुद्रापासून दूरच्या हवेत उत्तम टिकते, पण ते महाग आहे आणि त्यावरचा प्रत्येक ओरखडा दिसतो. अमेरिकी शिल्पकार डेव्हिड स्मिथ यांनी १९६१ ते १९६५ या काळात केलेल्या ‘क्यूबी’ मालिकेतील स्टेनलेसच्या पोकळ पेट्यांवर मुद्दाम ग्राइंडरचे गोलाकार फराटे ठेवले आहेत, आणि उघड्यावर बदलत्या उजेडात तेच फराटे चमकतात. आरशासारखी पॉलिश करून घेण्याच्या हट्टापेक्षा ही युक्ती आपल्या धुळीच्या रस्त्यांना कितीतरी सोयीची आहे. एक पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे: माइल्ड स्टीलवर फिरवलेली ग्राइंडिंगची चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसला लावू नये. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच पावसात चहा सांडल्यासारखे डाग उमटतात.

कॉर्टेन पोलादाबद्दल हल्ली फार विचारणा होते. या पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात आणि त्यावर चढणारा गंजाचा थर घट्ट बसून आतील पोलादाचे रक्षण करतो. शिकागोमधील पिकासोचे १५ मीटर उंचीचे शिल्प, जे १९६७ मध्ये उभे राहिले, ते याच पोलादाचे आहे. मात्र हा थर घट्ट होण्यासाठी भिजणे आणि वाळणे आलटून-पालटून व्हावे लागते. जत, कवठे महांकाळ, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात ते साधते. जेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पृष्ठभाग कोरडाच होत नाही, अशा महाबळेश्वर, कोयना किंवा कासच्या बाजूला कॉर्टेन वापरू नये. तेथे ते साध्या लोखंडासारखे गंजतच राहते. शिवाय सुरुवातीची काही वर्षे त्यावरून तपकिरी ओघळ उतरतात, म्हणून खाली पांढरी फरशी न घालता खडी पसरावी.

वारा आणि पाया

पातळ पत्र्याच्या शिल्पाला त्याच्या वजनापेक्षा वारा जड जातो, हे नवशिक्यास पटत नाही, म्हणून एक उदाहरण येथे सोडवून दाखवतो. समजा, शिल्पाचा मुख्य भाग दोन मीटर लांब आणि दीड मीटर उंच अशी चार मिलिमीटर प्लेटची पोकळ चपटी पेटी आहे, आणि तिचा मध्य जमिनीपासून दोन मीटरवर आहे. पोलादाचा एक चौरस मीटरचा एक मिलिमीटर जाड तुकडा ७.८५ किलो भरतो. त्यामुळे चार मिलिमीटरला चौरस मीटरमागे ३१.४ किलो, आणि दोन्ही बाजू मिळून सहा चौरस मीटरला सुमारे १८८ किलो होतात. आतील पट्ट्या आणि खांब धरून शिल्प तीनशे किलोच्या आत राहते. आता वारा पाहू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, आणि प्राथमिक हिशेबासाठी तोच येथे घेण्यास हरकत नाही. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की चौरस मीटरवर सुमारे ९१२ न्यूटन, म्हणजे ९३ किलो इतका दाब येतो. सपाट प्लेटसाठी तो १.२ ने गुणावा. तीन चौरस मीटरच्या आपल्या पेटीवर मग सुमारे ३३५ किलोचा आडवा जोर येतो. शिल्पाच्या वजनापेक्षा हा जोर जास्त आहे, आणि तो आडवा आहे.

पाया ६० सेंटिमीटर खोल धरला, तर हा जोर पायाच्या तळापासून २.६ मीटर उंचीवर लागतो आणि उलथवणारा मोमेंट (जोर गुणिले उंची) सुमारे ८७० किलो-मीटर होतो. काँक्रीटचे वजन घनमीटरला २४०० किलो असते. १.२ मीटर चौरस पाया सुमारे २०७० किलोचा भरतो आणि अर्ध्या रुंदीने गुणल्यावर १२४० किलो-मीटर इतका विरोध करतो, म्हणजे जेमतेम दीडपटीच्या आत. तोच पाया १.५ मीटर चौरस केला, तर विरोध २४३० किलो-मीटरवर, पावणेतीनपटीवर जातो. बाजूला फक्त ३० सेंटिमीटर वाढवून पायाची ताकद जवळपास दुप्पट होते, म्हणून पायाच्या रुंदीत कधीही काटकसर करू नये. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर, टेकडीच्या माथ्यावर किंवा गच्चीवर हे आकडे पुरणार नाहीत. अंतिम हिशेब कोणत्याही जागी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासूनच घ्यावा. वरील गणित त्याच्याशी बोलता यावे एवढ्यासाठी आहे.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा देते, त्यामुळे तिच्यावर टेकलेला पाया दोन-तीन वर्षांत कलतो; आणि भौमितिक शिल्प एका अंशाने कलले, तरी रस्त्यावरून जाणाऱ्यासही ते कळते. काळी माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर कंद असलेल्या, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलचा विचार करावा. सांगली शहरात पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय जागा पक्की करू नये. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे, आणि २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या नकाशावरील निळ्या पूररेषेच्या आत शिल्प ठेवू नये. वाहून येणारे ओंडके आणि खांबाला अडकणारा गाळ-कचरा यांचा जोर वाऱ्याच्या गणितात बसत नाही.

काँक्रीट एम-२५ प्रतीचे घ्यावे. जे-बोल्ट (काँक्रीटमध्ये रुतणारे वाकड्या टोकाचे बोल्ट) सळईच्या जाळीला बांधताना बेस प्लेटच्याच भोकांवरून कापलेला लाकडी साचा वापरावा. नुसत्या टेपने मापून बसवलेले चार बोल्ट नंतर प्लेटच्या भोकांत गेलेले मी अजून पाहिलेले नाहीत. निदान सात दिवस पाणी मारावे आणि शिल्प २८ दिवसांनंतर चढवावे.

जोडकाम

सपाट, मोठे प्रतल सपाट राखणे हे या कामातील खरे कसब आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला जातो, आणि एकदा पोट आले की हातोड्याने ते जात नाही, फक्त जागा बदलते. दोन मिलिमीटरचा पत्रा वापरून पैसे वाचवू नयेत. तो डब्याच्या झाकणासारखा डबडब वाजतो. चार मिलिमीटरची प्लेट घ्यावी आणि आतून साधारण ४० सेंटिमीटरवर उभ्या पट्ट्या द्याव्यात. प्रथम सर्व बाजूंनी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे तात्पुरते टाके, मारून, गुण्या आणि कर्णाची मापे तपासून, मगच टाके भरावेत. टाके सलग न भरता पाच सेंटिमीटर भरून पंधरा सेंटिमीटर सोडावे, लगेच समोरच्या बाजूला जावे, आणि हात लावता येईल इतके गार झाल्यावर राहिलेल्या जागा भराव्यात. जो कारागीर “एका दमात ओढतो” म्हणतो, त्याला कौतुकाने चहा पाजून दुसऱ्या कामावर पाठवावे.

आतील पट्ट्यांचे खालचे कोपरे दोन-अडीच सेंटिमीटर कापून टाकावेत. हे कापलेले कोपरे नंतर कोणालाही दिसत नाहीत, पण आत उतरलेले पाणी याच वाटेने तळाशी येते. पेटीच्या सर्वांत खालच्या बिंदूला १२ मिलिमीटरचे निचऱ्याचे भोक ठेवावे. पेटी चहूबाजूंनी पूर्ण बंद केली, तर भोकाची गरज नाही, असे शास्त्र सांगते आणि ते खरेही आहे. पण दहा-बारा मीटर लांबीच्या टाक्यात एकही सूक्ष्म छिद्र राहिलेले नाही, अशी खात्री छोट्या दुकानात देता येत नाही. दिवसा तापलेली पेटी पावसाच्या सरीने एकदम थंड झाली, की आतील हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी आत ओढले जाते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर येण्याची वाट नसेल, तर पेटी आतून बाहेर गंजते.

हा धडा मी पश्चिम साताऱ्यातील एका कामात घेतला. वरचा सांधा कारागिराने अर्धाच भरला होता, उरलेला लांबी (पुट्टी) भरून घासला होता, आणि त्यावर रंग इतका सुरेख बसला होता की मीही हात फिरवून समाधानाने मान डोलावली. तळाला भोक ठेवले नव्हते. तो दोष माझा. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कडेने तपकिरी ओघळ दिसू लागला. ड्रिल लावताच घागरभर गंजके पाणी धार लावून आले आणि तळाची प्लेट नखाने खरवडता येईल इतकी पोखरलेली निघाली. तेव्हापासून लांबी भरण्यापूर्वी प्रत्येक सांध्यावर मी आतून रॉकेल लावतो आणि बाहेरून खडू फासतो. खडू ओला झाला, तेथे टाका फुटका आहे. अर्थात, हे शेवटची प्लेट बसवण्याआधीच्या सांध्यांनाच करता येते, आणि शेवटच्या सांध्यापूर्वी रॉकेल पूर्ण पुसून, वाळवून घ्यावे लागते.

झिंकचा थर द्यायचा असेल, तर भोके दोन्ही टोकांना असलीच पाहिजेत. गॅल्व्हनायझिंगच्या टाकीतील वितळलेले झिंक सुमारे ४५० अंश सेल्सिअसला असते, आणि बंद पोकळीत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

रंगकाम

रंग पावसाळ्यात देऊ नये, एवढे सर्वांना ठाऊक असते. हिवाळ्याच्या पहाटेही देऊ नये, हे सांगावे लागते, कारण कृष्णाकाठी नोव्हेंबर ते जानेवारीत पोलादावर दव धरते आणि ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त आणि हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी. आपल्याकडे सकाळी दहानंतर सुरुवात केली की हे सहसा साधते. सँड ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, पोलाद करड्या-पांढऱ्या रंगाचे होईपर्यंत साफ करावे आणि त्याच दिवशी झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर मारावा. त्यावर इपॉक्सीचा मधला जाड हात आणि शेवटी पॉलियुरेथेनचा हात द्यावा, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखे पांढरे पडते आणि पॉलियुरेथेन तसे पडत नाही. तिन्ही मिळून दोनशे ते अडीचशे मायक्रॉनचा थर झाला पाहिजे. रंग धारदार कडेवरून ओढला जाऊन पातळ होतो, म्हणून सर्व कडा दोन-तीन मिलिमीटर गोलावून घ्याव्यात आणि त्यांवर आधी ब्रशने एक जादा हात द्यावा. रंगछटा निवडताना ऊसपट्ट्यात पाचट पेटवल्यावर उडणारी काजळीही लक्षात घ्यावी. पांढरे शिल्प तेथे हंगामभर ठिपकेदार दिसते.

उभारणी

दिवाळीनंतर पाया आणि गुढीपाडव्याच्या आसपास उभारणी, हा क्रम मला सोयीचा वाटतो. हायड्रा (क्रेन) बोलावण्यापूर्वी रस्त्यावरील विजेच्या तारा आणि कमानी यांची उंची स्वतः जाऊन मोजावी. शिल्प बोल्टवर चढवण्यापूर्वी खालच्या नटांनी पाणसळ साधावी, बेस प्लेट काँक्रीटपासून अडीच-तीन सेंटिमीटर उंच ठेवावी, दोन दिशांनी ओळंबा पाहावा आणि मगच त्या फटीत न आकसणारे ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरावे. खांब पोकळ असेल, तर त्याच्या तळाखालच्या ग्राउटमध्ये एक आडवी नळी ठेवून बाहेर काढावी, नाहीतर खांबातून उतरलेले पाणी तेथेच डबके करून बसते. चौथऱ्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असावा. स्टेनलेसचे बोल्ट माइल्ड स्टीलच्या प्लेटला लावायचे असतील, तर मध्ये नायलॉनची बुशी आणि वॉशर घालावेत. भंगारवाल्यांच्या सोयीसाठी नट उघडे ठेवू नयेत. घट्ट करून एक-एक टाका मारून टाकावा.

मुले चढणार, हे गृहीत धरावे. नऊ ते तेवीस सेंटिमीटर रुंदीच्या फटीत लहान मुलाचे डोके अडकू शकते, म्हणून अशा फटी एकतर त्याहून अरुंद किंवा त्याहून रुंद ठेवाव्यात. दोन मीटर उंचीखाली टोकदार कोपरा बाहेर काढू नये. उघड्या माळावर अर्थिंगची पट्टी जमिनीत उतरवावी. शिल्पासाठी लोकांची रोजची वाट अडवू नये. शिल्पकार रिचर्ड सेरा यांची ३६ मीटर लांबीची पोलादी भिंत न्यूयॉर्कच्या सरकारी कचेऱ्यांपुढील चौकात १९८१ मध्ये उभी राहिली, आडवळणाने जावे लागणाऱ्या कर्मचाऱ्यांची कुरकुर वाढत गेली, आणि १९८९ मध्ये ती तोडून हलवावी लागली. आपल्याकडे पायवाट कोठे आहे हे विचारावे लागत नाही. गवत कोठे उगवत नाही, तेवढे पाहावे.

उभारणीनंतर पहिला वळीव कोसळेल, तेव्हा छत्री घेऊन शिल्पाजवळ जावे आणि पाऊस थांबल्यावर अर्धा तास तेथेच काढावा. सर्व पृष्ठभाग निथळून गेल्यावरही जेथे पाणी चमकत असेल, तेथे ऑइल चॉकने खूण करून दुसऱ्या दिवशी भोक पाडावे किंवा पट्टी लावून उतार द्यावा, आणि उघडे पडलेले पोलाद त्याच दिवशी रंगाने झाकावे. त्यानंतर दरवर्षी मे महिन्यात निचऱ्याच्या प्रत्येक भोकातून तार घालून पाहावी, कारण कुंभारीण माशीला १२ मिलिमीटरचे भोक घर बांधण्यास फार आवडते आणि तिचे मातीचे बूच पावसाळ्यात पक्के बसते. रंगाच्या डब्यावरील छटेचा क्रमांक आणि भोकांच्या जागा दाखवणारा नकाशा माळ्याच्या किंवा शिपायाच्या हाती द्यावा, आणि ती तार त्याच नकाशाला गुंडाळून ठेवावी.